काजं तेवढी राहिलीत

मास्तरांची कात्री मी घालवली. हरवली असती तर एक वेळ सापडली तरी असती. ही माझ्या डोळ्यांदेखत, विमानतळावरच्या तपासणीत, एका निळ्या टोपलीत पडली आणि टोपलीसकट पडद्याआड गेली. घरून निघताना मास्तरांनी बिचाऱ्यांनी विचारलं होतं, "कात्री चालते का हो विमानात?" आणि उभ्या आयुष्यात दोनदा विमानात बसलेल्या माणसाच्या अंगी जो अधिकार येतो, त्या अधिकारानं मी म्हटलं होतं, "घ्या हो खुशाल. कात्रीला कोण विचारतंय!"

विचारलं. तपासणीवाल्यानं पिशवीतून ती दोन्ही हातांनी वर काढली. शिंप्याची कात्री म्हणजे काही नखं कापायची नव्हे. चांगली लांबलचक, काळ्या मुठीची, मास्तरांना त्यांच्या उस्तादांनी दिलेली. रांगेतली दोन-चार माणसं नकळत मागे सरकली.

"आजोबा, हे काय?"

"कात्री."

"ते दिसतंय मला. विमानात कात्रीचं काय काम?"

इथे मास्तर 'चुकून राहिली' म्हणाले असते तर तिथल्या तिथे मिटलं असतं. पण उस्तादांची कात्री हातची जाताना पाहून माणूस गडबडतो आणि खरं बोलून जातो. मास्तर म्हणाले, "काजं तेवढी राहिलीत."

तपासणीवाल्याला काही कळलं नाही. मला मात्र सगळं कळलं. कारण गेला आठवडाभर मास्तर मला, फोनवर मास्तरीणबाईंना आणि मुख्य म्हणजे लेकीला छातीवर हात ठेवून सांगत होते, की कोट तयार आहे, इस्त्री होऊन पिशवीत बसला आहे, आता फक्त त्यानं आणि मी विमानात बसायचं बाकी आहे.

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर मास्तरांचं दुकान आहे. मी वरच्या मजल्यावर राहतो. दुकानात एक मशीन, एक कापायचं टेबल, गिऱ्हाइकांसाठी एक लाकडी बाक आणि भिंतभर खुंट्या. खुंट्यांवर एका बाहीचे कोट, बिनकॉलरचे शर्ट, एकाच पायाच्या विजारी. पहिल्यांदा आत शिरणाऱ्याला वाटावं, कुठल्याशा मोठ्या लढाईतून परतलेली मंडळी इथे उपचारासाठी ठेवली आहेत. मास्तरांच्या हाताला मात्र तोड नाही. त्यांनी शिवलेला कपडा अंगावर चढला की पोट आपसूक आत जातं आणि मान आपसूक वर येते. प्रश्न फक्त तो अंगावर कधी चढणार, एवढाच असतो.

उशीर हा मास्तरांचा दोष आहे असं म्हणणं अन्यायाचं होईल. ती त्यांची कला आहे. लोक समजतात, मास्तर एकच कारण सगळ्यांना देतात. छे! कारणसुद्धा ते माणसाचं माप घेऊन बेततात. डॉक्टर आले की कारागीर तापानं फणफणलेला असतो. शाळेतल्या बाई आल्या की कारागिराच्या मुलाची परीक्षा असते. विजेच्या कचेरीतला माणूस आला की त्याच्याकडे नुसतं पाहून म्हणतात, "आता तुम्हाला काय सांगायचं, लाईट कधी असते आमच्याकडे!" आणि तोच माफी मागून जातो. वास्तविक मास्तरांकडे कारागीर नाही. मी राहायला आलो तेव्हाही नव्हता.

शीघ्रकोपी गिऱ्हाईक असलं तर मास्तर तोंडी कारण देतच नाहीत. त्याला आरशापुढे उभं करतात, अर्धा शिवलेला कोट अंगावर चढवतात आणि ठिकठिकाणी टाचण्या खोचतात. टाचण्या खोचलेला माणूस हलू शकत नाही, आणि हलता येत नसलेल्या माणसाला फार वेळ रागावता येत नाही. तरीही एखादा खमक्या म्हणतोच, "माझं कापड परत द्या, मी दुसरीकडे शिवून घेतो." अशा वेळी मास्तर फार प्रेमळ होतात. "न्या की. तुमचंच कापड आहे," असं म्हणत ते कापड टेबलावर उलगडतात, त्याच्यावरून मायेनं हात फिरवतात, आणि बोलता बोलता मधोमध एकदा कात्री चालवतात. कच्‌! मग म्हणतात, "अरेरे, आता कापलंच आहे तर शिवूनच घ्या." एकदा कापलेलं कापड जगातला दुसरा कुठलाही शिंपी हातात धरत नाही.

माझा करड्या रंगाचा कोट मी माझ्या निवृत्तीच्या निरोपासाठी शिवायला टाकला होता. निरोप मी शर्टावर घेतला. त्यानंतर कचेरीतल्या माझ्या खुर्चीवर बसलेला माणूसही निवृत्त झाला, आणि तोही परवा मास्तरांकडे माप देताना दिसला.

या सगळ्यात गिऱ्हाइकांचं फारसं बिघडलं नाही. ती चिडली, हसली, पुन्हा आली. बिघडलं ते लेकीचं. मास्तरांना ती एकुलती एक. शाळेच्या नाटकात ती पोपट होणार होती आणि बापानं तिला सांगितलं होतं, सगळ्या रंगमंचावर तुझ्यासारखा हिरवा पोपट नसेल. हिरवा झगा, पंख, वर लाल चोच, सगळं तयार झालं. नाटकाच्या दुसऱ्या दिवशी. पोर शाळेच्या गणवेशातच रंगमंचावर गेली आणि बाईंनी 'हे काय' म्हणून डोळे वटारल्यावर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मी अजून अंड्यात आहे." प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. मास्तर मागे उभे होते. त्यांनीही वाजवल्या, पण तो झगा मात्र ते आजही खुंटीवरून काढत नाहीत, आणि कुणी विचारलं तर म्हणतात, "गिऱ्हाईक यायचंय."

बापाच्या कारणांची उलटतपासणी घेत मोठी झालेली मुलगी वकील होणार नाही तर काय होणार! ती झाली. मोठ्या शहरात गेली. तिथे तिचा वकिलीच्या शपथेचा दिवस ठरला तेव्हा तिनं बापाला फोन न करता मला केला.

"काका, बाबांना घेऊन या. विमानानं आणा, तिकीट मी काढते. आई गाडीनं आधीच येतेय. ती म्हणाली, 'मी माझ्या वेळेला जाते, त्यांना त्यांच्या वेळेला येऊ दे.'"

"आणि कोट?"

"कोट नाही झाला तरी चालेल हो. मी आमच्या वरिष्ठ बाईंचा मागून ठेवलाय. बाबा तेवढे वेळेवर येऊ देत."

हे सगळं मास्तरांनी ऐकलं, कारण मी त्यांच्याच दुकानात, बाकावर, माझ्या कोटाची चौकशी करायला बसलो होतो आणि माझा फोन मोठ्यानं बोलतो. मास्तरांनी मशीन थांबवलं.

"मागून ठेवलाय?"

"तसं म्हणाली खरी."

"शिंप्याची लेक, शपथ घेणार, आणि अंगात मागून आणलेला कोट?" त्यांनी टेबलावरचं सगळं एका हातानं बाजूला केलं. त्यात माझंही काहीतरी होतं. "तिच्या शपथेला तिच्या अंगात माझाच कोट असेल. तोही वेळेवर. लिहून ठेवा."

मी लिहून ठेवलं नाही. पण त्या दिवसापासून दुकानातला दिवा लवकर लागायला लागला, हे खरं.

तर तपासणी ओलांडून आम्ही दोघं खुर्च्यांवर बसलो. सकाळचं विमान, शपथ संध्याकाळी. मध्ये भरपूर वेळ. पिशवीत काळा कोट. सुरेख बेतलेला, अस्तर लागलेलं, कॉलर बसलेली, बटणं कागदाच्या पुडीत. आणि काज एकही नाही.

"मास्तर, विमानात करणार होतात?"

"वर हवा थंड असते म्हणाला होतात. हात चांगला चालतो थंडीत."

"आणि आता?"

मास्तरांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी समोरच्या दुकानातल्या चॉकलेटांच्या डब्यांकडे पाहायला लागलो. तेवढ्यात छतातून एक गोड आवाज आला. तांत्रिक कारणामुळे आपल्या विमानाला थोडा विलंब होत आहे, प्रवाशांना होणाऱ्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. सगळ्या दालनात एकदम उसासा पडला. एका माणसाचा चेहरा मात्र उजळला.

"किती म्हणाली?"

"थोडा म्हणाली."

"थोडा म्हणजे खरा थोडा, की आपला थोडा?"

"ते तुम्हालाच जास्त कळणार."

मास्तरांनी डोळे मिटून आवाज पुन्हा एकदा मनात ऐकला. "आपला आहे," ते समाधानानं म्हणाले आणि कोट मांडीवर घेतला. सुई-दोरा तपासणीतून सुटला होता. पण काजाला आधी चीर द्यावी लागते, आणि चिरेला कात्री. मास्तर उठले आणि तडक कंपनीच्या टेबलाकडे गेले.

टेबलामागे एक टायवाला माणूस होता. तिशीचा असेल, पण सकाळपासून चाळिशीकडे झुकला होता. सगळे प्रवासी त्याच्याकडे विमान मागत होते आणि ते त्याच्याजवळ नव्हतं. मास्तर कोपरानं वाट काढत पुढे गेले.

"साहेब, कात्री आहे का?"

टायवाल्याचा कानांवर विश्वास बसेना. मागितलेली वस्तू आपल्याकडे आहे, हा अनुभव त्याला नवा होता. त्यानं खण उघडला आणि सामानाला लावायच्या पट्ट्या कापायची एक बोथट कात्री दोन्ही हातांनी पुढे केली. "इथेच, माझ्यासमोर वापरा हं. आणखी काही?"

"नाही, तुम्ही निवांत उशीर करा," मास्तर म्हणाले आणि टेबलासमोरच्या पहिल्याच खुर्चीवर बसले.

त्यानंतर त्या विमानतळावर एकच माणूस शांत होता. काळ्या कापडावर काळ्या दोऱ्याचं काज भरणं म्हणजे डोळ्यांची परीक्षा. मास्तर खिडकीतल्या लख्ख उन्हाकडे पाठ करून टाक्याला टाका लावत होते. मधूनमधून छतातला आवाज यायचा आणि मास्तर मान वर न करता त्याचा अर्थ सांगायचे.

"आपले विमान मागील स्थानकावरून निघाले आहे."

"म्हणजे इस्त्रीला गेलाय."

शेजारच्या बाई वळल्या. निवृत्त मुख्याध्यापिका होत्या; ते त्यांनी सांगण्याआधीच कळलं होतं, कारण त्या बसल्यापासून आसपासची चार माणसं पाय जुळवून बसली होती. "इस्त्रीला म्हणजे?"

"बाई, 'इस्त्रीला गेलाय' म्हणजे गिऱ्हाइकाला वाटतं, शिवून झालाय. आणि आपण सांगितलेलं असतं फक्त एवढंच, की तो इथे नाहीये."

"मग विमान आहे कुठे?"

मास्तरांनी दोरा ओढला. "तुमचं कापड अजून पिशवीतून बाहेर काढलेलं नाही."

हळूहळू खुर्च्या मास्तरांकडे वळल्या. लोक छतातलं ऐकायचे आणि मास्तरांकडे पाहायचे. कंपनीनं खाण्याची कूपनं वाटली आणि ती ज्या एका दुकानात चालत होती ते बंद होतं, तेव्हा मास्तरांनी पहिल्यांदा सुई थांबवली. "हे मला सुचलं नव्हतं," ते आदरानं म्हणाले.

मुख्याध्यापिकाबाईंना गप्प बसवेना. त्या उठून दालनभर फिरल्या आणि एका प्रचंड कुंडीमागे त्यांना भिंतीवर एक फलक सापडला: 'प्रवाशांचे हक्क'. कुंडीतलं झाड इतकं जोमात होतं, की त्याला खतपाणी कंपनीच घालत असावी. बाईंनी पानं बाजूला केली आणि धडा वाचावा तसा फलक मोठ्यानं वाचला. ठरावीक वेळेपेक्षा जास्त उशीर झाला तर खाणंपिणं. त्याहून जास्त झाला, किंवा विमानच रद्द झालं, तर पैसे परत किंवा दुसऱ्या विमानात जागा, मग ते दुसऱ्या कंपनीचं का असेना. आणि वर नुकसानभरपाई. मात्र उशीर हवामानासारख्या, कंपनीच्या हाताबाहेरच्या कारणानं झाला असेल, तर भरपाई नाही.

बाईंचा आवाज चांगला खणखणीत. टेबलापर्यंत पोचला असणार. कारण थोड्याच वेळात तांत्रिक कारण बरं झालं आणि हवामान बिघडलं.

"प्रतिकूल हवामानामुळे आपल्या विमानाला विलंब होत आहे."

सगळ्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. आकाश असं निळं होतं, की त्यात खोट काढायला शिंप्याचीच नजर हवी. पलीकडच्या धावपट्टीवरून दुसऱ्या कंपन्यांची विमानं त्याच हवामानात झोकात उडत होती.

"माप घेऊन बेतलंय," मास्तर पुटपुटले. "फलक वाचणाऱ्यांसाठी वेगळं. हात चांगला आहे कुणाचा तरी."

मग त्यांनी शेवटच्या काजाची गाठ मारली, बटणं लावली, दातानं दोरा तोडला, कोट झटकून उभा धरला. झाला. खरोखरच झाला. मास्तरांनी तो घडी करून पिशवीत ठेवला, घड्याळाकडे पाहिलं, आणि एकाएकी कडाडले,

"हा काय प्रकार आहे? काही लाजलज्जा? माणसांनी किती वेळ बसायचं!"

मी म्हटलं, "मास्तर, आत्तापर्यंत तर—"

"आत्तापर्यंत काजं राहिली होती. आता लेक राहिलीय." आणि ते कात्री परत करायला निघाले.

टायवाला टेबलामागे एकटा होता. माणसं त्याला बोलून बोलून दमली होती. मास्तरांनी कात्री ठेवली आणि त्याच्याकडे पाहिलं, म्हणजे त्याच्या कोटाकडे पाहिलं. सकाळपासून कुणीतरी धरून ओढल्यामुळे मधलं बटण एका दोऱ्यावर लोंबकळत होतं.

"इकडे या."

"नको, असू द्या हो."

"या म्हणतो ना. अंगातून काढू नका, असाच लावतो."

मला आरसा आणि टाचण्या आठवल्या. अंगातल्या कोटाचं बटण लावून घेणारा माणूस म्हणजे दोऱ्यानं बांधलेला माणूस. मास्तरांनी एक टाका घातला आणि अगदी घरच्या आवाजात विचारलं, "किती वर्षं झाली धंद्यात?"

"पाच."

"अजून सरावला नाहीत. 'हवामान' म्हणताना तुम्ही खाली बघता. असं करायचं नाही. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत बघायचं आणि थोडं आपणच दुखावल्यासारखं करायचं." दुसरा टाका. "आता खरं सांगा. आपण एकाच धंद्यातले. काय राहिलंय?"

टायवाल्यानं इकडेतिकडे पाहिलं. सुई छातीशी होती. "वैमानिक राहिलेत."

"म्हणजे?"

"होते त्यांची कामाची वेळ संपली, ते घरी गेले. दुसरे यायचेत. दुसऱ्या गावाहून."

"कशानं यायचेत?"

"आमच्याच विमानानं."

"ते वेळेवर आहे?"

टायवाला खाली बघायला लागला. मास्तरांनी दोरा तोडला आणि त्याच्या खांद्यावर थोपटलं. मागे उभ्या असलेल्या मुख्याध्यापिकाबाईंनी सगळं ऐकलं होतं, आणि बाईंनी ऐकलं म्हणजे सगळ्या दालनानं ऐकलं.

गोंगाट वाढला तशी छतातली बाई एकदम उत्साहानं बोलली: प्रवाशांनी कृपया विमानात बसण्यासाठी दाराजवळ यावं. लोक सगळं विसरून उठले. पिशव्या, पोरं, उशा घेऊन रांग लागली. मीही लागलो. मास्तर मात्र दारासमोर जाऊन दोन्ही हात पसरून उभे राहिले. चेहरा पांढराफटक.

"चढू नका! कुणी चढू नका! कापड कापतायत!"

"कोण कापतंय?" कुणीतरी घाबरून विचारलं.

"अहो, वैमानिक नाही आणि माणसं कशाला भरतायत? मी सांगतो. गिऱ्हाईक कापड परत मागायला लागलं की मी बोलता बोलता एक कात्री मारतो. मग ते कुठे जाणार? एकदा आत बसून दार लागलं की तुम्ही कापलेलं कापड. ना परत येता येईल, ना दुसऱ्या विमानात जाता येईल. वर हे म्हणतील, आमचं दार वेळेत लागलं होतं. आयुष्यभर मी हेच केलंय हो, मला विचारा!"

भर दालनात एखाद्यानं असा कबुलीजबाब द्यावा, आणि लोकांनी त्यावर टाळ्या वाजवाव्यात, असं मी पहिल्यांदाच पाहिलं. रांग मोडली. कुणी चढेना. कंपनीचा एक मोठा अधिकारी धावत आला. याचा टाय जास्त रुंद होता.

"आपण बसून घ्या ना. वैमानिक येतातच आहेत."

"'बसा, होतोच आहे,'" मास्तर म्हणाले. "बाक लाकडी आहे माझ्याकडे, एवढाच फरक."

"वैमानिक दाखवा," मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "आणि मगच वर्गात— विमानात बसू. नाहीतर त्या कुंडीमागे काय लिहिलंय ते पुन्हा वाचू का?"

अधिकाऱ्यानं कुंडीकडे पाहिलं. त्या झाडाचं काही खरं नाही, असं मला वाटून गेलं. पुढे बरीच फोनाफोनी झाली आणि आज पोचलंच पाहिजे अशांना दुसऱ्या कंपनीच्या विमानात बसवायचं ठरलं. नावं नोंदवताना टायवाल्यानं मास्तरांचं नाव सगळ्यांत वर घातलं. बटण त्यानं तोवर तीनदा चाचपून पाहिलं होतं.

विमान उडालं तेव्हा मास्तर पिशवी पोटाशी धरून बसले होते. ढग नव्हतेच, त्यामुळे खाली सगळं स्वच्छ दिसत होतं. तिकडे बघत ते म्हणाले, "माझ्याकडेही माणसं अशीच बसत असतील का हो? मनातून अशीच... आता होईल, मग होईल, करत?"

"हो मास्तर."

ते विचारात पडले. मलाही गहिवरून आलं. वाटलं, आता माणूस बदलणार.

"बाकावर गादी टाकायला हवी," मास्तर म्हणाले.

आम्ही सभागृहात शिरलो तेव्हा नावं पुकारायला सुरुवात झाली होती. लेक दारातच उभी होती, वरिष्ठ बाईंच्या कोटात. बाह्या बोटांपर्यंत आलेल्या. तिची नजर रस्त्यावर. मास्तरांनी पिशवी उघडली. तिनं तो मोठा कोट काढून आईच्या हातात दिला, बापाचा कोट चढवला, आणि बटण लावता लावता थांबली. काजावरून बोट फिरवलं.

"बाबा, ही आजची आहेत."

मास्तर छताकडे पाहायला लागले. तिथे कुणी बोलेना.

"विमानाला उशीर झाला," ते म्हणाले.

"म्हणून कोट तयार झाला?"

"म्हणून मी... हो."

मास्तरीणबाई म्हणाल्या, "कंपनीला पेढे पाठवा." पण पदर डोळ्यांना लावून. लेकीचं नाव पुकारलं गेलं आणि ती गेली. कोट असा बसला होता, की जणू ती त्यातच जन्मली होती. शपथ चालू असताना मास्तर माझ्या शेजारी अस्वस्थ चुळबुळत होते. कॉलरखाली कच्च्या शिलाईचा एक पांढरा दोरा राहिला होता, आणि कायद्याशी एकनिष्ठ राहण्याचं वचन देताना लेकीच्या मानेमागे तो पंख्याच्या वाऱ्यानं हलत होता. मास्तरांची दोन बोटं हवेतल्या हवेत तो दोरा ओढत होती. पण अंडं या वेळी फुटलं होतं, ते त्यांनाही दिसत होतं. टाळ्या त्यांनी सगळ्यांत शेवटपर्यंत वाजवल्या.

लेकीनं वकिलीतली पहिली नोटीस त्या विमान कंपनीला धाडली. कंपनीनं उत्तर दिलं: प्रतिकूल हवामान. प्रकरण ग्राहक मंचापुढे उभं राहिलं तेव्हा कंपनीचा वकील एकामागून एक कारणं मांडत गेला आणि ही शांतपणे एकेक उसवत गेली. शेवटी अध्यक्षांनी कौतुकानं विचारलं, "इतकी अचूक तयारी कुठे केलीत?" ती म्हणाली, "घरी. यापेक्षा चांगली कारणं ऐकत लहानाची मोठी झालेय मी."

भरपाई मिळाली. रक्कम सांगण्यासारखी नव्हती, पण मास्तरांनी ती सगळ्या आळीला सांगितली. नवी कात्री मी घेऊन दिली. ती वापरताना मास्तर अजूनही असा चेहरा करतात, जशी काही ती पट्ट्या कापायची आहे. आणि भरपाईच्या पैशातून त्यांनी बाकावर गादी टाकली आणि एक फलक रंगवून आणला: 'गिऱ्हाइकांचे हक्क'.

परवा मी तो वाचायला गेलो. सापडेना. मग खुंटीवरचे कपडे एकेक बाजूला करत गेलो, हिरवा झगा सरकवला, माझा स्वतःचा करडा कोट सरकवला, तेव्हा त्यामागे दिसला. उशीर झाल्यास चहा. फार उशीर झाल्यास चहा आणि बिस्किटं. त्याहून उशीर झाल्यास उरल्या कापडाचा एक रुमाल आणि शिलाईत सूट.

माझा ऊर भरून आला. मी गादीवर बसलो, घसा साफ केला.

"मास्तर, फलकाप्रमाणे माझे चहा, बिस्किटं, रुमाल आणि सूट, सगळंच निघतंय तुमच्याकडून. किती उशीर झालाय तुम्हाला ठाऊक आहे. भरपाई काढा."

मास्तरांनी मशीन थांबवलं. दारातून बाहेर पाहिलं. रस्त्यावर लख्ख ऊन पडलं होतं, समोरच्या गच्चीवर धुतलेल्या चादरी कडकडीत वाळत होत्या. मग त्यांनी थेट माझ्या डोळ्यांत पाहिलं, जरासं दुखावल्यासारखं.

"हवामान."